गाडी येणार ऐन कडाक्यात! थंडीत इलेक्ट्रिकची रेंज खरंच किती उरते?

रानजाई

मंडळी, आमची पहिलीच इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे. थंडी पडायच्या आत मिळणार होती. मग "जरा पुढे गेलंय" झालं, मग "जहाजावर चढली की कळवतो" झालं, आणि आता शोरूमवाले म्हणतायत की ऐन कडाक्यात हातात येईल. वाट बघण्याचा तोटा हा की रोज रात्री व्हिडिओ बघत बसायची सवय लागते. एकात रेंज निम्म्यावर येते, दुसऱ्यात म्हणे काही फरकच पडत नाही. सांगणारे दोघंही छातीठोक.

गाडीची बॅटरी ६० युनिटची, माहितीपत्रकात रेंज ४३० किमी. हिवाळ्यात इथे बहुतेक दिवस पारा शून्याच्या आगेमागे असतो, मधले काही आठवडे उणे आठ-दहा, क्वचित उणे पंधरा. रोजचा वापर म्हणजे मुलांची शाळा, ऑफिस, संध्याकाळचे क्लास. सगळ्या पाच-सहा किमीच्या फेऱ्या आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी उघड्यावर उभी. घरी चार्जर बसवून झालाय, ७.४ किलोवॅटचा. गाडीच तेवढी नाही.

मधून मधून सासरी जाणं होतं, २१० किमी, जवळजवळ सगळा हायवे. तिथे फक्त भिंतीतला साधा सॉकेट.

आता मुद्द्याचं. हीट पंप (कमी विजेत केबिन तापवणारी यंत्रणा) जादा पैसे भरून मिळतो आणि ऑर्डर लॉक व्हायच्या आत काय ते सांगायचंय. नवरा म्हणतो, हीट पंप वगैरे सोड, ७७ युनिटची मोठी बॅटरी घे आणि विषय संपव. ज्यांनी खरोखर थंडीत गाडी चालवलीय त्यांनी सांगा.

मितभाषी

वाचनखूण साठवली. माझीही गाडी रांगेत आहे.

तिरकस

थंडीत पेट्रोल गाडीचंही मायलेज घसरतं. पण त्यावर कुणी धागा काढत नाही, कारण टाकी पाच मिनिटांत भरते. तुम्ही ४३० चे निम्मे २१५ धरा, सासर २१० वर. पोहोचाल की. शेवटचे पाच किलोमीटर सासूबाईंचा विचार करत.

चांदणवेल

तिरकसराव, सुरू झालात का!

रानजाई, रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन. तोवर एकच: माहितीपत्रकातला आकडा थंडीचा तर नाहीच, पण हायवेचाही नाही. तो आकडा ज्या प्रमाणित चाचणीतून येतो त्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी रोलरवर पळवतात, २३ अंशांच्या खोलीत, एसी-हीटर बंद ठेवून. वेगही मधेमधेच ताशी सव्वाशेच्या वर जातो, एरवी बराचसा शहरी. त्यामुळे ४३० वरून टक्के काढायला बसलात की पहिलीच वजाबाकी चुकते.

उत्तरध्रुव

बरेच हिवाळे इलेक्ट्रिकवर काढलेत, तेही तुमच्यापेक्षा जास्त थंडीत. म्हणून जरा लांबण लावतो.

"किती टक्के घटते" याला एक उत्तर नाही, आणि म्हणूनच तुमचे दोन्ही व्हिडिओवाले खरं बोलत असू शकतात. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग उष्णता होऊन वाया जातो. त्यातलीच थोडी आत सोडली की केबिन गरम, म्हणजे हीटर फुकट. इलेक्ट्रिक मोटर इतकी कमी ऊर्जा वाया घालवते की केबिनसाठी वेगळी वीज जाळावी लागते. आणि हा हीटर टॅक्सीच्या वेटिंगसारखा तासाच्या हिशोबाने पैसे घेतो, गाडी पळो न पळो.

उणे आठला केबिन एकदा तापली की ती तशी ठेवायला दोन-अडीच किलोवॅट लागतात असं धरा. हायवेवर तासाभरात तुम्ही शंभर किमी जाता, म्हणजे शंभर किमीमागे जादा अडीच युनिट. शहरातल्या गर्दीत त्याच तासात पंचवीस किमी जाता. तिथे तोच हीटर शंभर किमीमागे दहा युनिट खातो. गाडी तीच, थंडी तीच.

तुमच्या छोट्या फेऱ्या याहून वाईट. थंडगार केबिन तापवताना पहिली आठ-दहा मिनिटं हीटर पाच-सहा किलोवॅट ओढतो. ती तापते न तापते तोच शाळा येते, तुम्ही उतरता, आणि ऑफिस सुटेपर्यंत सगळी ऊब हवेत. संध्याकाळी पुन्हा श्रीगणेशा. सहा किमीच्या फेरीत चाकांना ०.९ युनिट लागलं तर तेवढंच गरम करण्यात जातं. वापर दुप्पट म्हणजे रेंज निम्मी. स्क्रीनवरचा आकडा बघून धडकी भरेल.

पण दिवसाकाठी अशा चार फेऱ्या धरल्या तरी झाले किती? सात-आठ युनिट. बॅटरी साठची. रात्री घरी प्लग लावलात की तासाभरात भरून निघतं. म्हणजे जिथे रेंज निम्मी होते तिथे तुम्हाला रेंजची गरजच नसते, आणि जिथे गरज असते त्या हायवेवर घट पाव हिश्शाच्या आसपास असते. व्हिडिओ बघताना हे लक्षात ठेवलं तर अर्धी झोप परत मिळेल.

खटपट्या

उत्तरध्रुव यांना +१. आता थोडे आकडे.

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये त्या काळच्या पाच इलेक्ट्रिक गाड्या प्रयोगशाळेत तपासल्या. उणे ७ अंशांच्या आसपास, हीटर बंद ठेवून रेंज सरासरी १२ टक्के घटली. हीटर लावल्यावर ४१ टक्के. बातम्यांमध्ये फक्त ४१ छापून आलं आणि तेच अजून फिरतंय. या दोन आकड्यांमधली दरी बघा, ती सगळी हीटरची आहे.

नॉर्वेची मोटार संघटना २०२० पासून हिवाळी चाचणी घेते. गाड्या खऱ्या रस्त्यावर, खऱ्या बर्फात, बंद पडेपर्यंत चालवतात. तिथे एखाद्या मॉडेलची रेंज दहा टक्क्यांहूनही कमी घटते तर एखाद्याची तीस टक्क्यांच्या घरात. त्यामुळे "इलेक्ट्रिक गाडीची रेंज" असं सरसकट बोलण्यात अर्थ नाही. तुमच्या मॉडेलचा आकडा शोधा. आणि त्याच देशात २०२४ मध्ये दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या, हे तिरकसरावांसाठी.

तिरकस

नॉर्वेत डोंगरभर धबधबे आणि पदोपदी चार्जर आहेत हो. पण असो, ४१ वाला मुद्दा मान्य.

चांदणवेल

आता माझा रुमाल उचलते.

उत्तरध्रुव, तुमचं गणित आवडलं, पण ते घरी प्लग असलेल्यांचं गणित आहे. आम्ही इमारतीत राहतो, पार्किंगमध्ये वीज नाही. रात्री "भरून निघतं" हे आमच्याकडे होत नाही. रोजचे सात-आठ युनिट म्हणजे आठवड्याला एक पूर्ण चार्ज, तोही सार्वजनिक फास्ट चार्जरवर. रात्रभर बाहेर गोठलेली गाडी सकाळी दोन किमीवरच्या चार्जरला नेऊन लावली की स्क्रीनवर वेग दिसतो अठ्ठावीस किलोवॅट. चार्जर दीडशेचा! शेजारी हायवेवरून आलेला माणूस वीस-पंचवीस मिनिटांत भरून निघून जातो आणि मी हातमोजे चोळत बसलेली.

२०२४ च्या जानेवारीत शिकागोला कडाक्याची थंडी पडली तेव्हा चार्जिंग स्टेशनांवर लागलेल्या रांगा आठवतात का? गारठलेल्या बॅटऱ्या घेऊन लोक आले, प्रत्येकाला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, आणि मागचे वाट बघताना उरलीसुरली बॅटरी हीटरवर घालवत राहिले. रेंज नव्हे, चार्जिंगचा वेग ही थंडीतली खरी डोकेदुखी आहे, असं माझं मत.

आता मी काय करते? आठवड्याचं बाहेरचं काम उरकून, गाडी तासभर फिरल्यावर परतताना चार्जरला जाते. आणि नेव्हिगेशनमध्ये तोच चार्जर ठिकाण म्हणून टाकते. मग गाडी वाटेतच बॅटरी तापवायला घेते आणि पोहोचेपर्यंत ती तयार असते. रस्ता पाठ असला तरी टाकायचं. नुसतं जाऊन उभं राहिलात तर गाडीला कळणार कसं?

रानजाई

बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं. एक प्रश्न: थंडीत चार्जिंग एवढं हळू का होतं? आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं का?

खटपट्या

यावर मला बोलायला आवडतं, सांभाळून घ्या.

बॅटरीतला विद्युतद्रव थंडीत दाट होतो, लिथियमचे आयन त्यातून सावकाश सरकतात, अंतर्गत रोध वाढतो. वीज बाहेर काढताना याचा अर्थ थोडा तोटा आणि थोडी कमी ताकद. सेलमधली ऊर्जा कुठे पळून जात नाही. फक्त थोडा हिस्सा तात्पुरता वापरता येत नाही, आणि काही गाड्या अशा वेळी टक्क्यांशेजारी निळं हिमकण दाखवतात. बॅटरी तापली की त्यातला बराचसा हिस्सा परत मिळतो.

भरताना मात्र प्रकरण नाजूक. चार्जिंगमध्ये लिथियम ग्राफाइटच्या थरांत शिरायला हवं. गारठ्यात ते तेवढ्या वेगाने शिरत नाही, आणि तुम्ही दांडगाईने वीज ढकललीत तर ते पृष्ठभागावरच धातू होऊन साचतं. एकदा साचलं की त्यातलं बरंचसं कामातून गेलं, आणि फार साचलं तर आतल्या आत शॉर्ट होण्याचाही धोका. म्हणून बॅटरी सांभाळणारी यंत्रणा आधीच वेग आवळते. चांदणवेल यांचे अठ्ठावीस किलोवॅट म्हणजे गाडी बॅटरीला जपतेय. तेव्हा नुकसानीची काळजी नको, ती गाडी घेते. वेळ मात्र तुमचा जातो.

शोरूममध्ये विचारून घ्या: बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट)? एलएफपी टिकायला चिवट, पण थंडीत चार्ज व्हायला आणखी नखरे करते. तिचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे किती टक्के उरलेत याचा गाडीचा अंदाजही चुकू शकतो. म्हणून बऱ्याच कंपन्या अशी बॅटरी अधूनमधून १०० टक्के भरा असं सांगतात. एनएमसीला रोजच्यासाठी ८० टक्क्यांचा सल्ला असतो. पुस्तिकेत असेल ते खरं.

सायलेन्सर

हीट पंपवर मी बोलतो, कारण माझ्या गाडीत तो आहे आणि घेताना मला तो चमत्कार म्हणून विकला होता.

साधा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली आणि मोटर-बॅटरीची उष्णता गोळा करून आत आणतो, त्यामुळे एका युनिटात दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. हे झालं चार-पाच अंशांना. पारा जसा खाली जातो तसा त्याचा उत्साह मावळतो. उणे पंधराला माझ्या आणि हीट पंप नसलेल्या मित्राच्या गाडीत मला तरी फरक दिसला नाही. शिवाय पाच मिनिटांच्या फेरीत तो नीट लयीत यायच्या आधीच आपण उतरतो.

उत्तरध्रुव

सायलेन्सर, उणे पंधराबद्दल सहमत. पण रानजाईंकडे बहुतेक दिवस शून्याच्या आगेमागे आहेत, आणि हीट पंप नेमका तिथेच चांगला चालतो. लोक कडाक्याच्या दिवसांचा विचार करून निर्णय घेतात. हिवाळ्यातले बहुतांश दिवस मात्र नुसते ओले आणि गार असतात.

खटपट्या

भांडू नका, पैसे मोजू. हीट पंप वाचवतो तासाला साधारण एक युनिट, थोडं इकडेतिकडे. सासरचा रस्ता दोन तासांचा. वाचले दोन युनिट, म्हणजे आठ-नऊ किमी. बस्स. मोठी बॅटरी देते १७ युनिट जास्त, म्हणजे थंडीतल्या हायवेवरही सुमारे सत्तर किमी.

तेव्हा "लांब जाण्यासाठी हीट पंप घ्या" हा सल्ला मला कधीच पटला नाही. लांब जायला बॅटरी लागते. हीट पंप वाचवतो ते वीजबिल, हिवाळाभर, थोडं थोडं. नवरोबांचं म्हणणं निदान गणितात बसतंय.

रानजाई

हा प्रतिसाद घरात दाखवू नये असं वाटतंय.

तिरकस

स्क्रीनशॉट पाठवू का त्यांना?

उत्तरध्रुव

हायवेचं गणित पूर्ण करू या, म्हणजे निर्णय सोपा होईल. ताशी ११० ने, उन्हाळ्यात तुमच्या आकाराच्या गाडीला शंभर किमीला साडेअठरा युनिट लागतील असं धरा. आता उणे आठ-दहा. थंड हवा घट्ट असते, वीस अंशांच्या तुलनेत उणे दहाला घनता अकरा टक्क्यांच्या आसपास जास्त. हायवेवर सर्वांत मोठा खर्च हवा कापण्याचाच, तिथे सव्वा युनिट गेलं. टायरचं रबर कडक, हिवाळी टायर असतील तर आणखी घर्षण: पाऊण ते एक युनिट. हीटर अडीच. सुरुवातीची गार बॅटरी, दिवे, वायपर वगैरे मिळून एखादं. बेरीज चोवीसच्या आसपास.

२१० किमीला पन्नास युनिट. साठची बॅटरी शंभर टक्के भरून, घरच्या विजेवर तापवून निघालात तर पंधरा-सतरा टक्के घेऊन पोहोचाल. रस्ता कोरडा असेल तर! ताजा बर्फ किंवा चिखल असेल, समोरून वारा असेल, तर सत्तावीस युनिट सहज लागतात आणि मग गणित तीन-चार युनिटांवर येतं. अशा दिवशी मी स्वतः न थांबता जाणार नाही.

पण थांबायचं कुठे हे महत्त्वाचं. निघाल्या निघाल्या वीस किमीवर थांबलात तर बॅटरी गार आणि भरलेली, चार्जिंग कासवाच्या गतीने. दीडशे किमीवर थांबा: बॅटरी तापलेली, पस्तीस-चाळीस टक्क्यांवर आलेली. दहा-पंधरा मिनिटांत पुरेसं मिळतं.

वेग ताशी ११० वरून १०० केलात तर चाकांच्या खर्चात शंभर किमीमागे दोन युनिट सुटतात. हीटर थोडा जास्त वेळ चालतो तेवढं वजा. हा उपाय हीट पंपापेक्षा मोठा आणि फुकट आहे, पण कुणाला आवडत नाही.

चांदणवेल

आणि सासरच्या सॉकेटबद्दल. साधा सॉकेट, १० अँपिअर, म्हणजे २.३ किलोवॅट. गाडी गारठलेली असेल तर त्यातला बराच भाग बॅटरी तापवण्यातच जातो आणि सकाळी उठून बघावं तर चार टक्के वाढलेत. उपाय: पोहोचल्या पोहोचल्या, सामान काढायच्या आधी प्लग लावायचा. प्रवासाने बॅटरी कोमट असते, ती ऊब वाया घालवायची नाही. रात्रीच्या दहा-बारा तासांत वीसेक युनिट आत जातात. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नको. तासन् तास दहा अँपिअर ओढल्यावर स्वस्तातला बोर्ड वितळतो.

तिरकस

बरं, खरा प्रश्न विचारतो, टिंगल नाही. बर्फात हायवे बंद पडला, रात्रभर अडकलो, गाडीत लहान मुलं. मग?

खटपट्या

चांगला प्रश्न, आणि उत्तर बहुतेकांना वाटतं त्याच्या उलट आहे. उभ्या गाडीत वारा लागत नाही, फक्त केबिन उबदार ठेवायची. दीड-दोन किलोवॅट पुरतात. अर्धी बॅटरी म्हणजे ३० युनिट शिल्लक असतील तर पंधरा ते वीस तास निघतात. तापमान अठरावर ठेवून सीट हीटर लावलात तर आणखी, कारण सीट हीटर पन्नास-शंभर वॅटांत काम भागवतो.

पेट्रोल गाडीही रात्रभर इंजिन चालू ठेवून ऊब देते. पण तिथे सायलेन्सरचा पाइप बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. दर थोड्या वेळाने उतरून पाइप मोकळा करावा लागतो. इलेक्ट्रिकला पाइपच नाही.

अर्थात अडकाल तेव्हा बॅटरीत अर्धी शिल्लक हवी. वादळाचा इशारा असताना दहा टक्क्यांवर पोहोचायचे बेत आखू नयेत.

सायलेन्सर

माझ्या आयडीला उगाच वादात ओढू नका.

तिरकस

पटलं. आज दुसऱ्यांदा "पटलं" म्हणतोय, तब्येत दाखवायला हवी.

मितभाषी

सकाळी निघताना नेमकं काय करायचं? क्रम सांगा.

उत्तरध्रुव

ॲपमध्ये निघायची वेळ टाकून ठेवा. "किती वाजता चार्जिंग सुरू" ही वेळ वेगळी, मी म्हणतोय ती निघायची वेळ. म्हणजे गाडी उलटा हिशोब करून चार्जिंग निघण्याच्या जरा आधी संपवते. चार्जिंगने बॅटरी कोमट होते आणि केबिनही भिंतीच्या विजेवर तापते. काचेवरचा बर्फ आपोआप सुटतो. बॅटरीचं वजन चारशे किलोच्या घरात असतं, ती वीस अंशांनी वर आणायला दोन युनिटांच्या वर ऊर्जा लागते. ती घरच्या मीटरवर गेलेली बरी.

रानजाई, एक गोष्ट गाडी हातात आल्यावर पहिल्याच सकाळी चमकवेल. तुम्ही चाचणीफेरीत पाय उचलला की गाडी आपोआप हळू होत असेल, ती वीज बॅटरीत परत जात होती. गारठलेली किंवा काठोकाठ भरलेली बॅटरी ती वीज घेत नाही. मग पाय उचलला तरी गाडी घसरल्यासारखी पुढे जात राहते. काही गाड्या स्वतःच ब्रेक लावून ही उणीव भरतात, काही नाही. पहिल्या उतारावर, पहिल्या सिग्नलला पाय ब्रेकजवळ ठेवा. उलट बॅटरी गरम झाल्यावर, निसरड्या रस्त्यावर हीच ओढ जास्त असेल तर चाकं सटकू शकतात. बर्फावर ती कमी करून ठेवण्याची सोय असते, ती डिलिव्हरीच्या दिवशीच शोधून ठेवा.

आणि टायरची हवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होतो. शोरूमच्या उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर येऊन चार-पाचने उतरलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासा.

खटपट्या

पुरवणी: पहिले काही दिवस स्क्रीनवरचे किलोमीटर बघूच नका. गाडी तो आकडा तुमच्या मागच्या वापरावरून काढते, आणि नव्या गाडीला मागचा वापरच नसतो. शोरूमच्या आवारात हीटर लावून फिरवली असेल तर ती घाबरून २४० दाखवेल. डिस्प्ले टक्क्यांवर ठेवा, आणि शंभर किमीला किती युनिट जातायत ते बघा.

रानजाई

सगळ्यांचे आभार. काल घरात गोलमेज परिषद झाली.

खटपट्यांचं गणित नवऱ्याला दाखवलंच शेवटी. तो खूश. मग मी उत्तरध्रुवांचं हायवेचं गणित दाखवलं. मोठ्या बॅटरीने दीडशे किमीवरचा तो एक थांबा वाचतो, पण मागे दोन मुलं असताना तो थांबा आजवर कधी वाचलाय? पेट्रोल गाडीतही आम्ही तिथे थांबतोच, आणि पंधरा मिनिटांत कधीच निघत नाही. तेव्हा मोठी बॅटरी रद्द. बॅटरी एनएमसी आहे, तेही विचारून घेतलं.

हीट पंप घेतला. खटपट्या, माहितेय, रेंजमध्ये आठ-नऊ किमीच मिळतात. पण ऑफिसबाहेर उभी गाडी संध्याकाळी प्लगशिवाय तापवावी लागणार, आणि ते शून्याच्या आगेमागचे ओले दिवस आमच्याकडे चार महिने असतात. ते पैसे वसूल होतील का, कागदावर अजून नक्की नाही. ऑर्डर लॉक झाली. तारीख अजूनही "कळवतो".

सायलेन्सर

अभिनंदन! पाच मिनिटांच्या फेरीत काही वाटणार नाही, पण ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलात की आमची आठवण काढा.

तिरकस

म्हणजे थांबायचंच आहे शेवटी. मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतोय.

चांदणवेल

तुम्ही "पोहोचाल की" म्हणाला होतात! वर जाऊन वाचा.

मितभाषी

शेवटचं. चार्जिंगच्या जागेचं झाकण गोठलं तर? गाडीच्या आत लपणारी हँडल आहेत, त्यांचीही भीती वाटते.

उत्तरध्रुव

गरम पाणी अजिबात ओतू नका. ते वाहून फटीत जातं, तिथेच गोठतं, आणि काचेवर पडलं तर काच तडकते. आधी ॲपवरून केबिन तापवा, बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांत हँडलभोवतीचा बर्फ सैल होतो. मग मुठीच्या बाजूने हँडलच्या कडेला हलके ठोके द्या, नखाने उचकटू नका, ते प्लास्टिक गारठ्यात ठिसूळ असतं. झाकणाच्या आणि दारांच्या रबराला हिवाळ्याआधी सिलिकॉनचा हात फिरवून ठेवा. केबलची बंदूक (टोकाचा प्लग) गाडीत अडकून बसली तर जोर लावायच्या आधी गाडी अनलॉक करून चार्जिंग पुन्हा सुरू करून बघा, वीज वाहिली की तिथला बर्फ थोडा सुटतो. काही गाड्यांत त्या जागेला स्वतःचा छोटा हीटर असतो, मागची काच तापवायचं बटण दाबलं की तोही चालू होतो. तुमच्या पुस्तिकेत बघा.

मितभाषी

बघितलं. आहे.